मॉनिटरवाल्या आपा

रत्नागिरीत मॉनिटर बिघडला की माणूस तो चादरीत गुंडाळतो, रिक्षात मांडीवर घेतो आणि तापानं फणफणलेल्या पोराला दवाखान्यात न्यावं तसा जैबूनआपांकडे नेतो. निदान आपा होत्या तोवर नेत असे. आपा त्या गाठोड्याकडे बघतही नसत. काउंटरवर हात पसरून एवढंच म्हणत, "केबल."

केबल बहुधा घरीच, टेबलामागे लोंबत असे.

"म्हणजे नवरी घेऊन आलास नि नवरा घरी ठेवलास. आता मी निकाह कोणाशी लावू? जा, घेऊन ये."

गिऱ्हाईक मारुती मंदिराजवळचं असो की पार पावसहून आलेलं, त्याला परत जावंच लागे. केबल घेऊन आलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "काय दिसतंय ते सांग."

"बंद आहे हो."

"बंद आहे हे तू ठरवलंस. दिसतंय काय?"

मग तो माणूस कोर्टात साक्ष द्यावी तसा आठवून आठवून सांगायचा. आधी कंपनीचं नाव येतं, मग काळं होतं, मग 'नो सिग्नल' अशी पाटी इकडून तिकडे फिरते. आपांचा चेहरा उजळायचा. "पाटी फिरते ना? मग मॉनिटर ठणठणीत आहे. मेलेलं माणूस कधी 'मला ऐकू येत नाय' असं सांगतं काय? बिघाड तुझ्या कॉम्प्युटरात नायतर वायरीत. घेऊन जा घरी." दुरुस्तीच्या दुकानातून इतकी माणसं काहीही दुरुस्त न होता समाधानानं परत जाताना मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा उभी राहिले ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. माझ्याही हातात चादरीतलं गाठोडं होतं, आणि केबल मात्र मी नेली होती. घाबरट माणूस सगळं बरोबर नेतो.

मी परभणीकडची. आठवीत असताना आई अंथरुणाला खिळली, मी थोरली, धाकटी तिघं. शाळा कुणी सोडवली नाही, ती आपोआपच सुटली. पुढं भावाच्या फ्लेक्सच्या दुकानात गावातल्या यच्चयावत दादा-भाऊंना वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करून करून मराठी टायपिंग बोटांत बसलं. नवरा पोकलेन चालवतो. रस्त्याचं काम निघेल तिथं आमचं बिऱ्हाड, तसं ते रत्नागिरीला आलं. इथं ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका केंद्रात बाई हवी होती. मालकांनी विचारलं, शिक्षण? मी म्हटलं, बारावी. तोंडातून कसं निघालं मलाच कळलं नाही. त्यांनी माझा टायपिंगचा वेग पाहिला आणि गुणपत्रिका मागायची विसरले. त्या दिवसापासून मी रोज सकाळी पायरी चढताना मनात म्हणायची, आज आठवणार त्यांना.

केंद्रात दोन पडदे होते. एक माझ्यासमोर, दुसरा मोठा मॉनिटर गिऱ्हाइकाकडे तोंड केलेला, म्हणजे आपलं नाव, आडनाव, जन्मतारीख तो स्वतः वाचून 'हां, बरोबर' म्हणू शकेल. खंडेनवमीला मालक गावी गेले होते. पूजा कर असं मला कुणीच सांगितलं नव्हतं. पण ज्या यंत्रावर आपलं पोट आहे त्याला आजच्या दिवशी कोरडं ठेवायचं म्हणजे काय? मी केबल काढून मॉनिटर पुसला, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. त्याही पुढून आणि मागून, कारण यंत्राचं तोंड नेमकं कुठल्या बाजूला असतं हे मला नक्की ठाऊक नव्हतं. मग केबल पुन्हा दाबून बसवली. दसरा गेला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या बाजूचा पडदा काळाठिक्कर.

मालक म्हणाले, "संध्याकाळपर्यंत चालू झाला नाही, तर उद्या येऊ नका."

आपांनी विचारलं, "काय दिसतंय?"

"पाटी येते. निळी. इंग्रजीत."

"काय इंग्रजीत?"

मी अक्षरं ओळखायची, पण लावता लावता ती पाटी सरकून जायची. "एन आहे, ओ आहे..." मी म्हटलं.

आपांनी मान जराशी तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. केबलचं टोक मॉनिटरच्या मागे लावून त्यावरून बोट फिरवलं. "नखभर बाहेर राहतंय. आत काहीतरी बसलंय." दात कोरायची काडी घेतली, खाचेत घातली, गोल फिरवली आणि तळहातावर काहीतरी पाडून माझ्यासमोर धरलं. कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा.

"कोलम की इंद्रायणी?" त्यांनी विचारलं.

आपा खुशीत होत्या. "घाबरू नको गो बाये. दसऱ्यानंतर आठ दिवस माझा सीझनच असतो. आमच्यातली पोरं ईदला शीरखुर्मा पाजतात मॉनिटरला, तुमच्यातली दसऱ्याला तांदूळ भरवतात. उपाशी कोण ठेवत नाय बिचाऱ्याला."

मॉनिटर लागला. मी हात जोडले आणि म्हटलं, मालकांना तेवढं सांगू नका.

"खोटं मी सांगत नाय," आपा म्हणाल्या, "आणि विचारल्याशिवाय खरंही सांगत नाय. जा आता."

माझं नशीब असं की त्याच क्षणाला आपांना मालकांचा फोन आला. त्यांनी विचारलं. आपांनी सांगितलं, "तांदूळ होता."

मालक आधी खूप हसले. मी पोचले तरी हसतच होते. मग हसता हसता थांबले आणि म्हणाले, "बारावी झालेली बाई पोर्टात तांदूळ घालते? उद्या येताना गुणपत्रिका घेऊन या हो."

दुसऱ्या दिवशी मी केंद्रात गेलेच नाही. सरळ आपांच्या दुकानात गेले. रस्ताभर वाक्यं पाठ केली होती. आमच्याकडं भांडायचं तर कंबर खोचून भांडतात, पण दुकानात शिरल्यावर माझा आवाज मांजरीसारखा निघाला. "तुमच्यामुळं माझी नोकरी गेली."

आपा एका सर्किटला शिशाचा डाग देत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्यामुळे नाय, तांदळामुळे. बस." मग डाग देऊन झाल्यावर, "कुठली तू?"

"परभणी."

"एवढ्या लांबून येऊन तांदूळ घातलास? किती शिकलीस?"

"दहावी."

"काल फोनवर तुझा मालक बारावी म्हणत होता. एका रात्रीत दोन यत्ता उतरलीस. अजून दोनेक दिवस बसलीस की खरी यत्ता येईल." त्यांनी हातातलं बाजूला ठेवलं. "मला एक माणूस पायजे. चहा करणारं नाय, चहा मी करते. बघणारं पायजे. येतेस?"

मी तिथंच रडायला लागले. त्यांनी फडकं पुढं केलं, पडदे पुसायचं. "ह्यानं पूस. त्या पॅनेलवर पाणी पाडू नको."

आपांचं दुकान म्हणजे बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचा एक लांबट गाळा. त्यांचे वडील बोटीवर वायरलेस ऑपरेटर होते. बोट सोडल्यावर त्यांनी इथं रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, मग टीव्हीचं झालं. भाऊ एकेक करून आखातात गेले. वडिलांच्या हाताखाली पकड, स्क्रू, पाना द्यायला उरली ती जैबून. तिनं दिलं ते दिलं, वर प्रश्नही विचारले. लग्न झालं, नवराही आखातातच. तो वर्षातून एकदा यायचा आणि बायकोच्या हाताला शिशाचा वास येतो म्हणून कुरकुरायचा. "त्याच्या हाताला पेट्रोलचा यायचा, ते चालायचं," आपा सांगायच्या. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा कतारला. आपा साठीच्या जवळ, डोक्यावर ओढणी, ओढणीवर कपाळाला बांधायची बॅटरी, आणि तोंड असं की एखादा खलाशी लाजावा. मला त्यांनी नावानं कधी हाक मारलीच नाही. "ए परभणी." हळूहळू गिऱ्हाइकंही मला 'परभणीताई' म्हणायला लागली.

शिकवण्याची त्यांची पद्धत म्हणजे अपमान. पण त्यात एक गंमत होती, अपमान लक्षात राहायचा आणि त्याबरोबर बिघाडही. एकदा एका पतसंस्थेचा मॉनिटर आला, सगळं पिवळं दिसायचं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पिवळं. मी म्हटलं, पडदाच गेला असेल. "पडदा कामून जाईल?" आपा माझीच बोली माझ्या तोंडावर फेकायच्या. "कावीळ झाली म्हणून कोण माणूस फेकतं? तीन रंग येतात वायरीतून. पिवळं दिसतंय म्हणजे निळा वाटेत अडकलाय. वायरीच्या तोंडातले दात मोज." मोजले. एक बारीक पिन वाकून आडवी पडली होती. पकडीनं हळूच उभी केली आणि पतसंस्थेची कावीळ गेली.

पडदा पूर्ण काळा असेल तर त्या दिवा बंद करायला लावायच्या आणि काचेवर तिरकी बॅटरी मारायला सांगायच्या. "नीट बघ, आत काय हलतंय?" खरंच, अंधारात मासा दिसावा तसं फिकट चित्र दिसायचं. "म्हणजे चित्र आहे, मागचा उजेड गेलाय. माणसाचंही तसंच असतं बरीचदा." मग लगेच, "हे वाक्य लिहून ठेवू नको. फालतू आहे."

सगळ्यात मोठा दिवस तो बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांचा. त्यांनी फोनवर सांगितलं, मॉनिटर चालतो उत्तम, पण स्टँड सारखा घसरतो, घरी येऊन बघा. आम्ही दोघी गेलो. टेबलावर दोन चिऱ्यांच्या मध्ये मॉनिटर डोक्यावर उभा होता. पाय वर, डोकं खाली, सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधलेला.

"हे कामून असं?" माझ्या तोंडून गेलं.

"चित्र उलटं यायला लागलं गणपतीपासून," ते म्हणाले. "मग मी म्हटलं, आपणच मॉनिटर उलटा करावा. आता सुलटं दिसतं. फक्त हे चिरे जरा घसरतात."

आपा खुर्चीवर बसल्या. ओढणीचं टोक तोंडात कोंबलं. त्यांच्या नातवानं खेळता खेळता कीबोर्डवरची दोन-तीन बटणं एकदम दाबली होती, त्यानं चित्र फिरलं होतं. तीच बटणं पुन्हा दाबायची होती, फक्त बाण उलट दिशेचा, एवढंच. मी दाबली. आता मॉनिटर उलटा आणि चित्रही उलटं. गृहस्थ घाबरले. "अहो, बिघडवलंत!"

"नाय हो काका," आपा कसंबसं म्हणाल्या, "आता तेवढे चिरे काढा, कंपाउंडला उपयोगी पडतील."

असे दिवस चालले होते आणि मी रोज सकाळी येताना अजूनही तेच म्हणत होते, आज विचारतील. मी प्रत्येक गोष्टीला आभार मानायची. चहा दिला की आभार, बसायला स्टूल दिलं की आभार. "बंद कर ते," आपा ओरडल्या एकदा. "दुकान आहे हे, सत्काराचा हॉल नाय." पण मला भीती वाटायची की आभार थांबले की लक्षात येईल, ही बाई इथं बसायच्या लायकीची नाही. नवऱ्याची साइट पुढे राजापूरकडे सरकली होती. तो म्हणायचा, चल, बिऱ्हाड हलवू. मी म्हणायची, जरा थांब. पहिल्यांदाच आयुष्यात मला कुठंतरी थांबावंसं वाटत होतं, आणि ते सगळं एका 'दहावी' या शब्दावर उभं होतं.

मग तो दातांच्या डॉक्टरांचा मॉनिटर आला. एक्स-रे दाखवायचा मोठा पडदा, पण उजेड इतका उतरला होता की दात आणि हिरडी एकच दिसायची. उजेड वाढवायचा तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत जायला हवं, आणि तो मेनू कुणीतरी चुकून चिनी भाषेत करून ठेवलेला. डॉक्टर स्वतः आले होते, बरोबर इंजिनियर भाचा. भाच्यानं मोबाइलचा कॅमेरा मेनूवर धरला आणि भाषांतर वाचून दाखवलं, "'आकाशाचा स्वभाव.' 'मूळ गावी परत जा.'"

"मूळ गावी परत जा हे बरं आहे," आपा म्हणाल्या.

"काहीतरी उलटसुलट दाबलं तर सगळंच जाईल," डॉक्टर म्हणाले.

मी हात पुढं केला. कडेचं बटण दाबलं, तीन वेळा खाली, एकदा आत, दोनदा खाली, आत, पुन्हा वर. मेनू इंग्रजीत आला. मग पहिल्या खान्यात जाऊन उजेड वाढवला. दात लख्ख दिसायला लागले. भाचा बघतच राहिला. "तुम्हाला चिनी येतं?"

"तिला सगळं येतं," आपा म्हणाल्या आणि दोघांना घाईनं वाटेला लावलं.

ते गेल्यावर आपांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. भर दुपारी.

"वाचलंस कसं?"

"वाचलं नाही. मोजलं. त्या कंपनीच्या मेनूत भाषा चौथ्या खान्यात असते."

"आणि मेनू इंग्रजीत असतो तेव्हा?"

मी खाली बघत म्हटलं, "तेव्हाही मोजतेच."

रस्त्यावरून एक टेम्पो मासळीचं पाणी गळवत गेला. आपा म्हणाल्या, "सातवी की आठवी?"

"आठवी. तीपण अर्धी."

"अर्धी कशाला? पूर्ण सांग. खोटं बोलायची सवय अशी एकदम मोडू नये माणसानं, आजारी पडतं." आणि शटर वर ढकललं. "चिनी मेनूचं लक्षात ठेव. शिकलेलं माणूस तिथं वाचायला जातं नि अडकतं."

एवढंच. तीन महिने ज्या क्षणाला भीत होते तो असा अर्ध्या शटरमध्ये येऊन गेला. त्या रात्री मी नवऱ्याला सांगितलं, बिऱ्हाड हलणार नाही. तू शनिवारी येत जा.

आता माझी भीती जरा बाजूला सरकली आणि तिच्या जागी मला आपा दिसायला लागल्या. तोवर मी त्यांना नीट पाहिलंच नव्हतं. भिणारा माणूस फक्त स्वतःला बघत असतो. आपा पडद्याकडे कधीच समोरून बघत नसत. कावळ्यासारखी मान एका बाजूला करून, कडेनं बघायच्या. बिघाड शोधायच्या तो बोटांनी, कानानं, वासानं. "हा भाग जळलाय, वास बघ." "आत किणकिण येतेय, पॉवरमध्ये बिघाड आहे." आणि चित्राचा प्रश्न आला की गिऱ्हाइकाला, नाहीतर मला: काय दिसतंय ते सांग.

एके दिवशी मी बँकेत गेले असताना त्यांनी एकटीनं एक मॉनिटर तपासून दिला. वेळणेश्वरच्या एका लॉजचा होता, खाऱ्या हवेनं मागचे सांधे हिरवे पडले होते, ते साफ करून. संध्याकाळी लॉजवाला परत. लाल झालेला. त्यानं मॉनिटर लावला. मधोमध ताटलीएवढा काळा डाग. "आपा, एवढा डाग दिसला नाय तुम्हाला? डोळे आहेत ना?"

"वाटेत आपटलास तू," आपा म्हणाल्या. "माझ्याकडून जाताना नीट होता."

तो तणतणत होता. मी मध्ये पडले, दोन दिवसांत पॅनेल बदलून देते म्हटलं, त्याला घालवला. मग दुकानात आम्ही दोघीच. मी एका चांगल्या मॉनिटरवर नुसता पांढरा पडदा लावला, त्यांच्यासमोर ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अगं-तुगंच्या जवळपासच्या आवाजात विचारलं.

"आपा, काय दिसतंय?"

त्यांनी मान नेहमीसारखी तिरकी केली. मग म्हणाल्या, "मध्ये काळं. कडेला पांढरं. आणि पार कडेला तू, नको तेवढी जवळ आलेली."

"कधीपासून?"

"दोन वर्षं. आधी डाव्या डोळ्यात, आता उजव्यातही. सरळ रेघ वाकडी दिसायची. मला वाटलं, मॉनिटरच वाकडे यायला लागलेत. कंपन्यांना शिव्या घातल्या फुकट." त्या हसल्या. "डॉक्टरनं सांगितलं, मागचा पडदा खराब झालाय. मी म्हटलं, बदलून मिळतो काय? तर म्हणतो, नाय. असला कसला धंदा करतात हे लोक."

कोणालाच माहीत नव्हतं. मुलालाही नाही. कळलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं असतं. आणि गावाला कळलं असतं तर? जिला दिसत नाही तिच्याकडे पडदे घेऊन कोण येईल?

"म्हणजे तुम्ही मला तेव्हा 'बघणारं पायजे' म्हणालात ते..."

"मग काय तुझ्या तांदळावर भाळले मी?"

त्या दिवसापासून आमचं दुकान असं चाललं: मी बघायचं, त्यांनी सांगायचं. मी म्हणायची, वरून तिसऱ्या भागात आडवी रेघ, हिरवट, गरम झाल्यावर पसरते. त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, पट्टी सैल आहे, कडेनं दाबून बघ. गिऱ्हाईक असलं की आम्ही हेच जरा नाटक करून करायचो. मी 'शिकतेय' म्हणून मोठ्यानं सांगायची, त्या 'परीक्षा घेतायत' म्हणून विचारायच्या. एक लबाड आंधळी आणि एक लबाड अडाणी, आणि दोघींचं मिळून एक सबंध मेकॅनिक. असं वर्ष काढलं आम्ही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष.

मग मुलगा सुट्टीला आला. आईनं त्याच्या पानात मिठाऐवजी साखर वाढली आणि तो काय समजायचं ते समजला. महिन्याभरात आपांना कतारला न्यायचं आणि दुकान माझ्यावर सोपवायचं ठरलं. आपा भांडल्या, पण रडल्या नाहीत. मी मात्र परत माझ्या जुन्या भीतीत जाऊन बसले. आपा गेल्यावर कोण येणार? लोक आपांकडे येत होते. मी कोण, तर परभणीहून आलेली, स्क्रू देणारी बाई. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "आपा नाहीत? मग नंतर येतो." हे मी रोज ऐकत होते. आपाही ऐकत होत्या.

जायला तीन आठवडे राहिले तेव्हा त्यांनी स्टूल आतून उचललं आणि दुकानाच्या पायरीवर, रस्त्याच्या कडेला मांडलं. पहिला आला तो एका लग्नाच्या व्हिडिओचं काम करणारा माणूस, हातात भला मोठा मॉनिटर. मी पुढं झाले. तो मला ओलांडून म्हणाला, "आपा, तुम्हीच बघा. चित्र थरथरतंय."

"मला दिसत नाय," आपा म्हणाल्या. चारचौघांत बोलायच्या आवाजात नाही, बाजारात मासे विकायच्या आवाजात.

"म्हणजे?"

"म्हणजे डोळे गेले. तीन वर्षं झाली. तुझा मागचा मॉनिटर परभणीनं केला, त्याच्या आधीचाही तिनंच. मी नुसती बडबड केली."

समोरचा पानवाला उठून उभा राहिला. मी आत जाऊन भिंतीला टेकले. तीन वर्षं ज्या बाईनं पोटच्या मुलाला कळू दिलं नाही, ती पायरीवर बसून अख्ख्या रस्त्याला सांगत होती.

व्हिडिओवाला गोंधळला. माझ्याकडे बघून आपांना हळूच म्हणाला, "पण ही शिकलेली किती आहे?"

"हिला दिसतं, मला दिसत नाय," आपा म्हणाल्या. "आता ठरव, कोणाला देतोस."

त्यानं मॉनिटर माझ्याकडे दिला.

तीन आठवडे त्या रोज पायरीवर बसल्या आणि येईल त्याला तेच सांगितलं. काहीजण हळहळले, काहींनी डॉक्टरांचे पत्ते दिले, एका म्हातारीनं दुवा दिली, तिला त्या म्हणाल्या, "दुवा राहू दे, टीव्ही आणतेस काय ते सांग." निघायच्या दिवशी गाडीत बसताना मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "आमच्यात नाय पडत," आणि माझ्या पाठीत असा धपका घातला की मला खोकलाच आला. आभार मानायचे राहूनच गेले. एकदाच खरे मानायचे होते.

त्या गेल्यावर चौथ्या दिवशी एक अनोळखी माणूस आला. दापोलीहून इथं बदलीवर आलेला, आपांचं नावही न ऐकलेला. मॉनिटर काउंटरवर ठेवून त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हीच करता? काही कोर्स वगैरे? शिक्षण किती तुमचं?"

मी दाराकडे पाहिलं. पायरी रिकामी होती.

"आठवी," मी म्हटलं.

त्यानं मान डोलावली. घड्याळाकडे पाहिलं. "उद्या मिळेल का?"

संध्याकाळी आपांचा व्हिडिओ कॉल आला. त्या फोन कडेनं बघतात म्हणून मला पडद्यावर नेहमी त्यांचा एक कानच दिसतो. त्या कानाला मी सगळं सांगितलं.

"मग तू काय म्हणालीस? उद्या मिळेल?"

"हो म्हटलं."

"मिळेल?"

"नाही. पॅनेल गेलंय. मुंबईहून यायला आठ दिवस लागतील."

कान हलायला लागला. आपा हसत होत्या. "शिक्षण खरं सांगितलंस नि वायदा खोटा दिलास," त्या म्हणाल्या. "आता तू मेकॅनिक झालीस."